चुना लावलेले दगड

गुरुजी गेल्याची बातमी ऑफिसच्या ग्रुपवर आली तेव्हा मी ती आधी खरी मानली नाही. हार घातलेला फोटो होता, खाली नाव होतं, तरीही मी फोटो मोठा करून बघितला. त्या ग्रुपवर कुणीही काहीही पाठवतं. शेवटी त्यांच्याच नंबरवर फोन लावला. त्यांच्या पत्नीनं उचलला आणि मी कोण हे न विचारताच म्हणाल्या, "व्हय, पहाटं गेले. झोपेतच." तासाभरात आमच्या साहेबांचा मेसेज आला. एक ओळ दुःखाची आणि लगेच खाली प्रश्न, "गुरुजींची शेंद्र्याची वही कुणाकडे आहे?" वही माझ्या बॅगेत होती. मी लिहिलं, माहीत नाही.

गुरुजी फुलंब्री तालुक्यातल्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. आमचं ऑफिस गारखेड्यात. कुठे बांधकाम होणार असलं की आधी त्या जागेवरच्या पक्ष्याप्राण्यांची पाहणी करायची आणि त्यांना धक्का लागू नये म्हणून काय करावं ते बांधकामवाल्यांना सांगायचं, हे आमचं काम. कागद आम्ही करायचो, माळ गुरुजींना कळायचा. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. टिटवी हे नाव मला त्यांच्याकडून मिळालं. तोवर तिचं इंग्रजी नाव येत होतं आणि लॅटिनही. "दोन-दोन नावं येतात ताईला, आन् घरटं एकबी सापडत नाय," असं ते सगळ्यांसमोर म्हणायचे. मला राग यायचा, पण मी तो दाखवायचे नाही. मी फारसं काहीच दाखवत नाही.

शेंद्र्याजवळच्या एका माळावर गोदामं उभी राहणार होती. उन्हाळ्यात टिटव्या तिथे उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, खड्यांत खडे मिसळावेत तशी. घरटं सापडलं की गुरुजी चुना लावलेला एक दगड ठेवायचे. दगडाभोवती पन्नास पावलांच्या वर्तुळात, पिल्लं निघून जाईपर्यंत काम बंद. एकदा ते साइट इंजिनिअरबरोबर चहा पीत बसले होते. दोघं कशावर तरी खूप हसत होते. मी एकटीच मागे फिरले आणि दगडापाशी जाऊन बघितलं... काहीच नव्हतं. दुसऱ्या दगडापाशीही नाही. तिसऱ्यापाशी मी गुडघ्यांवर बसून खडा न् खडा बघितला. त्यांच्या वहीत तारीख होती, अंडी किती ते होतं; नेमकी जागा कुठेच नव्हती. विचारलं तर म्हणाले, "जागा लिहायची नसती, ताई. पायात ठेवायची." आणि मग, "एक पावसाळा जाऊ द्या. सांगतो."

मला वाटलं, एक तर यांना घरटी दिसत नाहीत, किंवा खरी घरटी सोडून दगड भलतीकडे ठेवावेत म्हणून तो इंजिनिअर यांना चहा पाजतो आहे. त्याच संध्याकाळी मी साहेबांना मेल लिहिला. खोटेपणा हा शब्द वापरला नाही. 'नोंदींची पडताळणी व्हावी' एवढंच लिहिलं. पुढच्या आठवड्यात गुरुजींना शेंद्र्याहून काढून दुसऱ्या कामावर टाकलं. वही त्यांनी स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवली.

मी व्यवस्थित काम सुरू केलं. स्वतः शोधलेल्या दोन घरट्यांशेजारी लाल झेंडे रोवले, अगदी वीतभर अंतरावर, आणि नकाशा इंजिनिअरला पाठवला. चार दिवसांनी गेले तेव्हा झेंडे जागच्या जागी होते. त्यांच्याशेजारी मुरूम सपाट झाला होता. "कुत्र्यांनी खाल्ली असतील, मॅडम," इंजिनिअर म्हणाला. कुत्री जमीन सपाट करत नाहीत.

फाटकावरचा राखणदार कडूबा माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "गुरुजी दगडापशी कधी थांबलेच नाय. दगड टाकायचे, आन् वीस पावलं मावळतीला जाऊन बघून यायचे."

"तुम्हाला त्यांनी सांगितलं होतं?"

"नाय. म्या बघितलं."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं?"

"मला कुणी इचारलंच नाय."

त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, ते मला कळेना. त्याची पाठ वळेपर्यंत थांबले आणि मग गुरुजींच्या शेवटच्या दगडापासून मावळतीकडे पावलं मोजली. अठराव्या पावलाला टिटवी ओरडत उठली. चार अंडी होती. वर्तुळाच्या आत होती, फक्त मध्यावर नव्हती. आणि दगडाजवळची माती बुटांनी उकरलेली होती. माझ्याआधी कुणीतरी तिथे शोधून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी ऑफिसच्या जिन्यात भेटले. मला माफी मागायची होती, शब्दही जुळवून ठेवले होते. ते थांबले, म्हणाले, "झेंडे लांबून चांगले दिसत्यात म्हनं." मी म्हटलं, "हो सर." ते खाली उतरून गेले. माझा मेल त्यांनी वाचला होता का, साहेबांनी दाखवला होता का, की कडूबानं झेंड्यांचं तेवढं सांगितलं होतं... मी म्हटलं, उद्या बोलू. नंतर तो फोटो आला.

वही अजून माझ्याकडे आहे. साहेबांनी आणखी दोनदा विचारलं. त्यांना ती कशाला हवी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वहीत जागा एकही नाही, तरी मी ती देणार नाही.

आता माझ्या हाताखाली एक मुलगी आली आहे. हुशार आहे, कमी बोलते, सगळं बघते. परवा मी नवा दगड ठेवला, बोटांचा चुना ओढणीला पुसला आणि मावळतीकडे न बघता फाटकाकडे निघाले. थोड्या वेळानं मागे वळून पाहिलं. ती दगडापाशी गुडघ्यांवर बसली होती.