दोन कॉम्प्युटर आणि टकटकबाई

रुग्णवाहिकेसाठी कुणी फोन केला की तो आमच्या खोलीत वाजतो. खोली लांबट, खिडक्या कायम बंद, टेबलांची एक रांग, आणि प्रत्येक टेबलामागे कानाला हेडफोन लावलेलं एक माणूस. फोन घ्यायचा, पत्ता विचारायचा, टाइप करायचा, जवळची गाडी तिकडे सोडायची. सांगायला एवढंच काम.

माझ्या डावीकडे ज्या बसायच्या त्यांना सगळे टकटकबाई म्हणत. अगदी तोंडावर. त्यांना त्याचा राग नव्हता. तरुणपणी त्या टायपिंगच्या क्लासात लोखंडी यंत्रावर शिकल्या होत्या, आणि कळ दाबायची नसते, हाणायची असते, ही तेव्हाची सवय बोटांतून गेलीच नाही. त्या टाइप करायला लागल्या की भिंतीपलीकडे चहा पिणाऱ्यांनाही कळायचं, बाईंकडे फोन आला.

त्या आवाजाचा एक उपयोग होता, तो आम्हाला फार उशिरा कळला. फोनवरचा माणूस घाबरलेला असतो. आपलं बोलणं कुणी लिहून घेतंय की हवेत जातंय, हे त्याला दिसत नाही. बाईंची टकटक ऐकली की तो सावरायचा, पुढचं नीट सांगायचा.

बाई स्वतः मात्र कधी सावरलेल्या नसत. जिवाला घोर लावून घ्यायची त्यांना जन्मजात हौस. कुलूप लावलं की ओढून बघणार, जिना उतरून परत वर जाणार, पुन्हा ओढणार. त्यांचे यजमान टेलर. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं शिलाई मशीन. ते म्हणायचे, "आमच्याकडे काळजीचं खातं हिच्याकडे. मी त्यात ढवळाढवळ करत नाही." पण फोन वाजला की याच बाईंचा आवाज असा सपाट, शांत व्हायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हिला आयुष्यात कसली चिंताच नाही. काळजी सगळी फोन ठेवल्यावर.

आमचे कॉम्प्युटर जुने झाले होते. मध्येच मान टाकायचे. एक दिवस प्रमुख मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं.

"दोन कंपन्यांनी मशीनं चाचणीला दिली आहेत," त्या म्हणाल्या. "एक काळं, एक पांढरं. तुम्ही दोघं इथले सगळ्यांत जुने. आलटून पालटून वापरा आणि मला सांगा, रोजच्या कामाला कुठलं बरं. तुम्ही म्हणाल ते सगळ्या खोलीला येईल."

मला मान मिळाल्यासारखं वाटलं. बाहेर आल्यावर बघतो तर बाईंचा चेहरा उतरलेला.

"सगळ्या खोलीला, म्हणजे आपलं चुकलं तर सगळ्यांचं चुकेल ना हो, भाऊ?"

"अहो ताई, कॉम्प्युटर निवडायचाय, जावई नाही."

त्या हसल्या, पण वरवर.

काळं मशीन दिसायला देखणं होतं. रुंद, किंचित वळलेला पडदा, त्यावर मोठी ठसठशीत अक्षरं, आणि फोन आला की शेजारीच नकाशा आपोआप उघडायचा. कीबोर्ड पाटीसारखा चपटा. कळांना ना उंची ना आवाज. माउसला वायर नाही. रस्त्याच्या नावाची पहिली अक्षरं टाकली की खाली नावं सुचवायचं, एंटर दाबलं की वरचं नाव पकडायचं. पांढरं मशीन म्हणजे आमच्या जुन्याच मशीनचा धाकटा भाऊ. पडदा लहान, नकाशासाठी वेगळी खिडकी उघडावी लागे, ती कधी पत्त्यावरच येऊन बसे. पण कळा उंच, खोलगट, दाबली की बोटाला कळणार. माउस वायरचा.

माझे डोळे अधू आहेत. जाड भिंगाचा चष्मा लावूनही जुन्या पडद्याला नाक टेकवून बसावं लागे. काळ्या मशीनसमोर मी पहिल्यांदा पाठ टेकून बसलो. संध्याकाळी डोकं दुखलं नाही. मी तर त्याच दिवशी मत देऊन टाकलं असतं. जेवणाच्या सुट्टीत मी त्या मशीनचं कौतुक करत सुटलो, आणि बाई डबा उघडून नुसत्या बसून राहिल्या.

"तुम्हाला नाही आवडलं?" मी विचारलं.

"चांगलंय की. नकाशा छानच आहे."

"मग?"

"काही नाही. सवय व्हायला वेळ लागतो माझ्या हाताला."

त्यांनी हातावर खापर फोडलं, ते विनयाने असेल असं मी समजलो. पण त्या अगदी खरं बोलत होत्या, आणि जेवढं बोलल्या त्याहून जास्त गिळत होत्या.

बरेच दिवस त्यांच्या उजव्या हाताची बोटं बधिर होत होती. सकाळी उठल्यावर हात जणू दुसऱ्या कुणाचा. थोडा झटकला की मुंग्या येऊन जाग यायची, पण बोटांच्या टोकांना पूर्ण अशी नाहीच. जुन्या कीबोर्डवर चालून जायचं, कारण तिथे त्या हाणत होत्या. बोटाला नाही कळलं तरी मनगटाला कळायचं, कानाला कळायचं. चपट्या कीबोर्डवर सगळीच गोची. कळ दाबली गेली की नाही, एकदा की दोनदा, बोट कुठे टेकलंय, काही पत्ता लागेना. म्हणून त्या बोटांकडे बघून टाइप करायला लागल्या. जन्मभर न बघता टाइप केलेली बाई.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. यजमानांनाही नाही. सांगावं तर हात जातोय हे कळून टेबलावरून उठवतील. न सांगता 'काळा कीबोर्ड वाईट' म्हणावं तर ते खरं की आपल्या बोटांचा दोष, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. शिवाय माझे डोळे. "तुमचं डोकं दुखायचं थांबलं होतं," त्या मला नंतर म्हणाल्या. "मी नको म्हटलं असतं तर ते तुमच्या डोळ्यांना महागात पडलं असतं."

आणखी एक गोष्ट त्यांच्या कानाला खटकत होती. काळ्या मशीनवर असताना फोनवरची माणसं सारखी विचारायची, "आहात ना? लिहून घेताय ना?" इतक्या वर्षांत त्यांना हे क्वचितच कुणी विचारलं होतं.

एका दिवशी काळं मशीन बाईंच्या टेबलावर होतं आणि पांढरं माझ्याकडे. दुपारची वेळ, फोन कमी. बाईंना एक फोन आला. माझी लाइन मोकळी होती, त्यामुळे मला त्यांच्या बाजूचं ऐकू येत होतं. एका माणसाचे वडील न्हाणीघरात पडले होते, अर्धं अंग हलत नव्हतं, बोलणं ओढत होतं. बाईंचा आवाज नेहमीसारखा सपाट.

"पत्ता सांगा. जुना बाजार रस्ता. हो. इमारतीचं नाव? हो, लिहितेय मी. लिहितेय. तुम्ही त्यांना कुशीवर वळवा. हो, लिहिलंय."

गाडी सुटली. बाई त्या माणसाशी बोलत राहिल्या. गाडी पोचेपर्यंत बोलत राहायचं असतं. आणि मग त्यांचा आवाज मध्येच थांबला. मी मान वळवली. त्या पडद्याकडे बघत होत्या, आणि चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

नकाशावर दोन ठिपके होते. ज्या फोनवरून बोलणं चाललं होतं त्याचा निळा, आणि गाडी जिकडे निघाली होती त्या पत्त्याचा लाल. दोघांच्या मध्ये अख्खं शहर. गाडी जुना बाजार रस्त्याकडे नाही, जुना बंदर रस्त्याकडे चालली होती.

बाईंनी माउस धरला. बाण हलेना. पुन्हा हलवला, आपटला. माउसची बॅटरी संपली होती. बिनवायरीचा माउस असा काही न सांगता जातो.

"भाऊ," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. "गाडी चुकीची गेलीय. जुना बाजार. माझा माउस गेला."

मी माझ्या मशीनवर पत्ता टाकला. ती नकाशाची खिडकी नेमकी पत्त्यावर येऊन बसली, ती आधी बाजूला सरकवावी लागली. जुना बाजार रस्त्याजवळची दुसरी गाडी मोकळी होती, ती सोडली. पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरला वायरलेसवर परत फिरवलं. तेवढ्या वेळात बाई फोनवरच्या माणसाला सांगत होत्या, "गाडी निघालीय. थोडा वेळ लागेल. मी इथेच आहे." त्याने विचारलं असणार की अजून कशी आली नाही, कारण त्या म्हणाल्या, "उशीर आमच्याकडून झालाय. तुमचं काही चुकलं नाही. त्यांचा हात धरून बसा."

गाडी पोचली. फोन बंद झाला. बाईंनी हेडफोन काढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. पुढचा फोन वाजला तो मी माझ्याकडे ओढून घेतला.

काही वेळाने ड्रायव्हरचा निरोप आला: पेशंटला दवाखान्यात पोचवलं, शुद्ध होती. आम्हाला मिळतं ते एवढंच. त्यापुढे त्या माणसाचं काय झालं, हे आम्हाला कुणी सांगत नाही.

बाई उठून प्रमुख मॅडमच्या खोलीत गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तुम्ही पण चला. मला एकटीला धड बोलता येणार नाही." तिथे त्यांनी हाताचं सगळं सांगितलं. बधिर बोट एंटरवर टेकलं असणार, मशीनने वरचं नाव पकडलं असणार, आणि आपली नजर बोटांवर, म्हणून पडद्यावर काय उमटलं ते दिसलं नाही.

मॅडमनी शांतपणे ऐकलं. "आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला उठवलं असतंत."

"उठवलं असतं," मॅडम म्हणाल्या. "आताही उठवावं लागेल. हात दाखवून येईपर्यंत फोन घेऊ नका."

हे बोलणं कडक होतं, पण त्यात अपमान नव्हता. बाईंनी मान हलवली. मी काहीतरी मध्ये बोलायला गेलो, की त्या मशीनचंही चुकतंय. मॅडम म्हणाल्या, "तेही बघू."

आणि बघितलं. काळ्या मशीनच्या कंपनीची इंजिनिअर मुलगी आली. खोलीतल्या धडधाकट हातांच्या लोकांना तिने काळ्या मशीनवर एकापाठोपाठ पत्ते टाकायला लावले. काहींनी बरोबर टाकले. काहींनी घाईत तसंच चुकीचं नाव पकडलं, आणि त्यांना ते कळलंही नाही. मुलीचा चेहरा पडला. "आमच्या ऑफिसात हे सगळे निवांत बसून वापरतात," ती म्हणाली. "घाबरलेल्या माणसाशी बोलत बोलत कुणी वापरून बघितलं नाही."

मला वाटलं, बाईंना हायसं वाटेल. मी संध्याकाळी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. टेलरमास्तर पुढच्या खोलीत कापड बेतत होते, बाई आत मनगटाला पट्टी बांधून बसलेल्या. मी सगळं सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, "म्हणजे माझं किती आणि मशीनचं किती?"

"ते कसं सांगता येईल?"

"तेच तर."

मास्तर कात्री खाली ठेवून दारात आले. "हात बधिर होतोय हे मला तरी सांगायचंस," ते म्हणाले. "मी दिवसभर हातावरच जगतो. मला नसतं कळलं?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर खरं झालं असतं ते," बाई म्हणाल्या. मास्तरांनी स्टूल ओढलं आणि ते बाईंजवळ बसले.

डॉक्टरांनी सांगितलं, मनगटातली नस दाबली गेलीय, छोटी शस्त्रक्रिया लागेल. त्याआधीचे दिवस बाईंनी कसे काढले ते मास्तरांनाच ठाऊक. नस चुकून कापली गेली तर, भूल उतरलीच नाही तर, डाव्याच हाताची केली तर. शेवटच्या भीतीवर मास्तरांनी उपाय काढला: शिंप्याच्या खडूने उजव्या मनगटावर फुली मारली. दवाखान्यातली नर्स हसली, पण तिने ती पुसली नाही.

इकडे खोलीत निर्णय झाला. काळंच मशीन आलं, पण त्याचा कीबोर्ड आणि माउस परत गेले. त्याजागी पांढऱ्या मशीनसारखे उंच कळांचे कीबोर्ड आणि वायरचे माउस जोडले. एंटर दाबल्यावर आता रस्त्याचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत समोर येतं, आणि ते वाचून पुन्हा 'हो' म्हटल्याशिवाय गाडी सुटत नाही. काहीजण कुरकुरतात की यात वेळ जातो. जातोच थोडा.

बाई बऱ्या झाल्या आणि टेबलावर परत आल्या. बोटांची जाण बरीचशी परतली, करंगळीशेजारच्या बोटाची अजून अर्धवट आहे. आता त्या पत्ता फोनवरच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवतात आणि त्याने हो म्हटलं तरी परत विचारतात.

मध्यंतरी एका सुट्टीच्या दिवशी त्या मास्तरांना घेऊन जुना बाजार रस्त्यावर गेल्या. हे नियमात बसत नाही, आणि त्यांनाही ते माहीत होतं. पत्ता त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. इमारतीखाली किराणा दुकान होतं. त्यांनी साबण घेतला, मग घुटमळत दुकानदाराला वरच्या आजोबांबद्दल विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेडफोन लावत होतो तेव्हा त्यांनी मला सांगितलं. "दवाखान्यातून ते मुलीकडे राहायला गेले म्हणे. बोलणं सुधारलंय. थोडंफार चालतात."

"वा," मी म्हणालो. "मग आता तरी झोप लागेल तुम्हाला."

त्या खुर्चीत बसल्या, माउसची वायर सरळ केली, आणि माझ्याकडे वळल्या.

"थोडंफार म्हणजे काय हो, भाऊ? पडायच्या आधी ते नीट चालत होते का, ते विचारायचंच राहिलं."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, आणि त्यांनी त्या सपाट, शांत आवाजात पत्ता विचारला.