पेडण्याचा पाट

डिचोलीच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर माझी एक खोली होती. तिथे बसून मी आयुष्यातली उमेदीची वर्षं लोकांच्या वेबसाइट केल्या. केल्या म्हणण्यापेक्षा निस्तरल्या. नवी साइट आठवड्या-दोन आठवड्यांत उभी राहते. ती उभी ठेवण्यात माणूस आडवा होतो, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

ज्या व्यवस्थेवर आम्ही साइट बांधतो ती फुकट मिळते. आत शिरून पानं लिहायची, फोटो चढवायचे, आणि बाकीच्या सोयी वरून जोडायच्या. फॉर्मसाठी एक प्लगइन, फोटोंसाठी दुसरं, भाषेसाठी तिसरं. प्रत्येकाचा कर्ता जगाच्या वेगळ्या कोपऱ्यात बसलेला, आणि प्रत्येकाला वाटेल तेव्हा नवी आवृत्ती काढायची हौस. सकाळी संगणक लावला की तांबड्या गोळ्यात आकडा दिसायचा, इतके इतके अपडेट बाकी. ते केले नाहीत तर कुणीतरी भामटा आत शिरतो आणि शाळेच्या पानावर मर्दानी ताकदीच्या गोळ्यांची जाहिरात झळकते. केले तर काहीतरी मोडतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

गिऱ्हाइकांना यातलं काही दिसत नाही. त्यांना साइट म्हणजे दुकानावरची पाटी, एकदा ठोकली की ठोकली. तुयेच्या एका कारखान्याच्या मॅनेजरला पानाच्या कोपऱ्यात फडकणारा झेंडा हवा होता, तो मोबाइलवर फडकत नाही म्हणून वर्षभर त्याचे फोन. एका देवस्थान समितीत साइट मराठीत करायची की कोकणीत, यावर दोन बैठका झाल्या, आवाज चढले, आणि शेवटी ती इंग्रजीत झाली. मी वाद घालत नसे. ‘करतो’ म्हणायचो. आणि काही बिघडलं की आमच्या धंद्यातलं एक ठरलेलं वाक्य होतं, ‘सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे.’ सर्व्हर कुठे असतो ते कुणाला ठाऊक नसतं, त्यामुळे त्याला जाऊन कुणी विचारत नाही.

माझ्या गिऱ्हाइकांत मुळगावचा एक मूर्तिकार होता. मी त्यांना काका म्हणायचो. घरामागे त्यांची चित्रशाळा, म्हणजे पत्र्याची लांब शेड. आषाढापासून चवथीपर्यंत तिथे चिकणमातीचे गणपती. आमच्याकडे गणपती दुकानात जाऊन, चार बघून, एक निवडून आणत नाहीत. घरचा लाकडी पाट चित्रशाळेत नेऊन द्यायचा, नारळासकट. त्या पाटावर त्या घराची मूर्ती होते. कुणाची उंदरावर बसलेली, कुणाची कमळावर, कुणाची हातभर, कुणाची वीतभर. आजोबांच्या वेळी जशी होती तशीच नातवाच्या वेळी. कागदावर काही लिहावं लागत नाही. पाट बघितला की काकांच्या हाताला मूर्ती ठाऊक असायची.

अशा माणसाला साइट कशाला हवी? त्यांना नकोच होती. गळी मीच उतरवली. पुण्या-मुंबईला गेलेली घरं, चवथीपुरतीच उघडणारी, त्यांना घरबसल्या मूर्ती सांगता येईल, असं मी पटवलं.

“पाट ना जाल्यार मूर्त खंय बसतली?” त्यांनी विचारलं.

मग मी फॉर्ममध्ये एक ओळ वाढवली, ‘पाट कधी आणून देणार?’ त्यावर ते हसले आणि बरं म्हणाले. फॉर्म भरला की त्याची मेल त्यांच्या सुनेच्या फोनवर जायची, ती त्यांना वाचून दाखवायची. भरणाऱ्याला पडद्यावर दिसायचं, ‘धन्यवाद. तुमची मूर्ती नोंदली आहे.’ हे वाक्य माझं. पहिली दोन वर्षं चार-पाच फॉर्म आले, आणि काका चारचौघांत माझं नाव काढू लागले.

तिसऱ्या वर्षी ज्येष्ठात मी एका बैठकीत आठ-नऊ साइट अपग्रेड करायला घेतल्या. वीज जा-ये करत होती. प्रत्येक अपग्रेडनंतर साइट उघडून बघायची, बटणं दाबून बघायची, आणि फॉर्ममध्ये ‘टेस्ट टेस्ट’ लिहून पाठवून तो पोचतो का बघायचं, असा माझा नेम. काकांच्या साइटपर्यंत पोचलो तेव्हा मला नुसता वीट आला होता. पहिलं पान उघडलं, गणपती दिसला, पुढे गेलो. मनात म्हटलं, इथे फॉर्म भरतो कोण? वर्षाला चार माणसं. हे मी नेमक्या याच शब्दांत म्हटलं होतं, म्हणून ते मला आठवतं.

श्रावणात काकांचा फोन आला. त्या दिवशी पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलाचे सगळे फोटो साइटवरून नाहीसे झाले होते आणि मालक दर पाच मिनिटांनी ओरडत होता.

“पेडण्याचो तो पाट औंदू येवंक ना,” काका म्हणाले. पेडण्याचा एक म्हातारा दर वर्षी दोन बस बदलून पाट घेऊन यायचा, त्याचा यंदा पत्ता नव्हता. “सुनेच्या फोनार कांय ना. तुज्या त्या फॉर्मार कोण आयला काय, भितर पळय मरे.”

“काही नाही आलं काका,” मी म्हटलं.

बघितलं नव्हतं. बघायला दोन मिनिटं लागली असती. मेल आली नाही म्हणजे फॉर्म आला नाही, असं मी धरून चाललो आणि पुन्हा हॉटेलाच्या फोटोंत डोकं घातलं.

तयेच्या दिवशी, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशी, दुपारी काकांच्या सुनेचा फोन. “दादा, जरा येता? पेडण्याची माणसं आली आहेत. साइटवर मूर्ती सांगितली होती म्हणतात.”

स्कूटर काढण्याआधी मी साइटच्या आत शिरून बघितलं. फॉर्म भरला की निरोप साइटच्या पोटात साठतो आणि मग त्याची मेल निघते. निरोप साठलेले होते. परदेशी जाहिरातींचा केर, आणि त्याच्या मधोमध आषाढातला एक निरोप: ‘बाबांचा पाय मोडला आहे. ते दर वर्षी स्वतः पाट आणतात, यंदा जमणार नाही आणि मी पुण्याला आहे. कृपया या वेळी तुमच्या पाटावर करा, तयेला न्यायला येतो, तेव्हा आमचा पाट देतो. नेहमीचीच मूर्ती.’ अपग्रेडनंतर मेल जायची बंद झाली होती. त्या घराला मात्र माझ्या साइटने धन्यवाद दिले होते, मूर्ती नोंदली म्हणून सांगितलं होतं.

मुळगावात पोचलो तेव्हा शेडसमोर गाडी उभी होती. पुढच्या सीटवर म्हातारा, प्लास्टर केलेला पाय लांब करून, मांडीवर फणसाचा पाट धरून. शेडमध्ये उरलेल्या प्रत्येक मूर्तीखाली कुणाचा ना कुणाचा पाट होता. मुलगा फोनवर ते ‘धन्यवाद’ काढून सगळ्यांना दाखवत होता. म्हातारा भांडत नव्हता, एकच वाक्य परत परत म्हणत होता, “आमच्या घरात गणपती कधी चुकाक नाय. कधीच चुकाक नाय.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, “सर्व्हरचा प्रॉब्लेम झाला.”

मुलाने मान हलवली. असं होतं, त्याला माहीत होतं. म्हाताऱ्याला काही कळलं नाही, पण कुणीतरी मोठं माणूस आजारी पडल्यासारखा त्याचा चेहरा झाला. काका माझ्याकडे क्षणभर बघत राहिले. मग गाडीजवळ गेले आणि म्हाताऱ्याला म्हणाले, “चूक म्हजी जाली. पाट येवंक ना तें हांवें पळयलें, पूण तुका विचारूंक ना.”

मी तिथेच, दोन पावलांवर उभा होतो. तोंड उघडायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी उघडलं नाही.

काका शेडमध्ये अगदी आतल्या कोपऱ्यात गेले. तिथे त्यांच्या स्वतःच्या घरचा गणपती होता. तो ते नेहमी सगळ्यांत शेवटी करायचे, रंगकाम त्या सकाळीच संपलं होतं. हातभर, कमळावर बसलेला. पेडण्याचा उंदरावरचा, पण उंचीला तेवढाच. त्यांनी तो पाटासकट उचलला आणि बाहेर आणला. सून सासऱ्यांना नुसतं ‘मामा’ म्हणाली.

“पण ह्यो तुझ्या घरचो,” म्हातारा म्हणाला.

“म्हज्या घरांत हात आसात मरे,” काका म्हणाले.

त्यांनी मूर्ती मुलाच्या हातात दिली आणि म्हाताऱ्याच्या मांडीवरचा फणसाचा पाट काढून घेतला. म्हातारा रडायला लागला. गाडी गेल्यावर काका खाली बसले, ढिगाच्या तळाशी उरलेली माती पाणी लावून मळली, आणि त्या पाटावर मुठीएवढा गणपती करायला घेतला. त्याला वाळायला वेळ नव्हता, रंगवायचा तर प्रश्नच नव्हता. सून आत गणपतीच्या डोक्यावरची माटोळी बांधत होती, फळं आणि रानातली पानं एकेक करून टांगत होती. काकांच्या घरात त्या चवथीला ओल्या मातीचा, बिनरंगाचा गणपती पुजला गेला. मला काकांनी चहा घेऊन जा म्हटलं. मी घेतला नाही.

चवथीनंतर मी फॉर्म दुरुस्त केला. मेल पाठवणाऱ्याच्या पत्त्याची एक ओळ बदलायची होती. सहा मिनिटं लागली.

पुढे वर्षभर मी नेहमीसारखाच राबलो, पण ‘सर्व्हर’ हा शब्द तोंडातून निघेना. काही बिघडलं की म्हणायचो, माझ्याकडून राहिलं. एक-दोन गिऱ्हाइकं सुटली. बाकीच्यांना मी काय म्हणतो याचं काही पडलेलं नव्हतं. मला मात्र एकाच माणसाला ते सांगायचं होतं, आणि त्याच्याकडे जायला पाय उचलत नव्हता.

पुढचा आषाढ लागला तेव्हा मी स्कूटरवरून पेडण्याला गेलो. काकांचा पाट अजून तिकडेच होता. म्हाताऱ्याचा पाय बरा झाला होता, पण बस चढण्याएवढा नाही. पाट मी नेतो म्हटलं तर त्याने मला निरखून बघितलं, कोण तू म्हणून विचारलं. वेबसाइटवाला, मी म्हटलं.

“होय, होय.” त्याला आठवलं. पाट फडक्यात गुंडाळून, वर नारळ ठेवून त्याने माझ्या हातात दिला. मग अगदी मनापासून, घरातल्या माणसाची चौकशी करावी तशी चौकशी केली, “आनी तुमचो तो सर्व्हर? आता बरो आसा मां?”

“बरा आहे,” मी म्हटलं.

मुळगावला येईपर्यंत पावसाने भिजलो. काका शेडमध्ये माती मळत होते. मी पाट खाली ठेवला आणि बसायच्या आधी बोलून टाकलं. सर्व्हरचं काही झालं नव्हतं. अपग्रेड केल्यावर मी फॉर्म तपासला नाही. आणि श्रावणात तुम्ही फोन केलात तेव्हा मी न बघताच नाही म्हणालो.

काकांचे हात थांबले नाहीत. “म्हाका खबर आशिल्लें,” ते म्हणाले. “तुवें जाप बेगीन दिली. पळोवंक वेळ लागता.” माझं उत्तर फार लवकर आलं होतं, बघायला वेळ लागतो, एवढ्यावरून त्यांनी ओळखलं होतं.

“मग त्या दिवशी चूक तुमची असं का म्हणालात?”

त्यांनी हात धुतले, फडकं सोडलं आणि आपला पाट उलटासुलटा करून बघितला. आदल्या वर्षीचा रंग कडेला थोडा लागून राहिला होता, तो नखाने काढला.

“हांवें तुका विचारलें,” ते म्हणाले. “त्या म्हाताऱ्याक विचारूंक जाय आशिल्लें. इतलीं वर्सां तो पाट घेवन येतालो. ती चूक म्हजीच.”

मग पेडण्याचा फणसाचा पाट त्यांनी भिंतीवरून काढला, त्यावर मातीचा पहिला गोळा ठेवला, आणि मला आत जाऊन डोकं पुसून घे म्हणाले.