गोल वाचनालयाचा कोबा

‘म्याडम, सही करून टाका ना आता. पाऊस तोंडावर येऊन राह्यला.’

चंद्रपूरच्या गोल वाचनालयाच्या मधल्या हॉलमध्ये आम्ही दोघंच उभे होतो. कोत्तावार वकील वाचनालयाचे सेक्रेटरी. मी स्ट्रक्चरल इंजिनियर, म्हणजे इमारत कशामुळे उभी राहते आणि कशामुळे पडते याचं गणित करणारी. वकिलांना माझ्याकडून एकच ओळ हवी होती : इमारत धोकादायक आहे, पाडण्यात यावी. ती ओळ मिळाली की गोल वाचनालय जाणार होतं. त्या जागी दुकानांचं कॉम्प्लेक्स येणार होतं आणि वरच्या मजल्यावर दोन खोल्या वाचनालयाला मिळणार होत्या.

वकील लबाड माणूस नव्हता, हे आधी सांगते. स्लॅबच्या पोटात मधोमध तडे गेले होते. प्लास्टरचा एक पोपडा सुटून टेबलावर पडला, तेव्हा त्या टेबलाशी नशिबानं कोणी बसलेलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी वकिलांनी हॉलला कुलूप लावलं.

‘उद्या कोणाच्या लेकराच्या डोक्यात पडलं तर मी गावाले काय तोंड दाखवू?’ ते म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. तरी माझी सही होईना.

ऐंशीचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. माझं जटपुरा गेटजवळ लहानसं ऑफिस होतं. आत येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, ‘इंजिनियर साहेब कुठी आहेत?’ मी म्हणायची, ‘बसा, आल्या आहेत.’ कोणी हसायचं, कोणी उठून जायचं. उठून जाणाऱ्यांचं मी कधी मनाला लावून घेतलं नाही. असं म्हणते खरं, पण त्यातल्या दोघांची नावं मला अजून पाठ आहेत.

तर सही का होईना? कारण मी त्याच हॉलमध्ये शिकले. बाबा माजरीच्या खाणीत कामाला. शिकायला म्हणून मला चंद्रपुरात आत्याकडे ठेवलं. आत्याची एक खोली आणि त्यात आम्ही सहा माणसं. अभ्यास करायचा कुठं? आत्या म्हणाली, ‘त्या गोल घरात जाऊन बस. तिथी कोणी हाकलत नाई.’ आमच्यासारख्या बौद्ध घरातल्या पोरीला ‘तिथी कोणी हाकलत नाई’ या वाक्याचं मोल वेगळं सांगावं लागत नव्हतं. मी तिथं मॅट्रिक काढली, कॉलेजचा फॉर्मही तिथंच बसून भरला.

आणि इमारत तरी कशी. पन्नासच्या दशकात गावभर कवेलूची, म्हणजे कौलांची उतरती छपरं, आणि मधेच हे सपाट गच्चीचं, गोल तोंडाचं घर. नागपूरच्या कोणा आर्किटेक्टनं काढलेलं. दारावर पातळ छज्जा, खाली खांबच नाही. बाजाराला आलेली खेड्यातली माणसं समोर उभी राहून त्या छज्ज्याकडे बघत राहायची. हा आज पडतो की उद्या, अशी त्यांची चर्चा चालायची. आत हिरव्या-पांढऱ्या मोझॅकची फरशी, भर वैशाखात अनवाणी उभं राहावं अशी गार. आणि गोल भिंतीत खालपासून वरपर्यंत आलापल्लीच्या सागवानाच्या उंच खिडक्या. दुपारी त्या ओळीनं बंद केल्या की ऊन बाहेर आणि आम्ही आत. तो खिडक्या लागल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. अशा इमारती नंतर गावागावातून गेल्या. कोणी त्यांना जुनं म्हणेना, कारण त्यांना शंभर वर्षं झालेली नव्हती. कोणी नवं म्हणेना, कारण त्यांना शटर नव्हतं. त्या जाताना कोणी हळहळलंही नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

कोब्याचा रविवारही सांगायला हवा. कोबा म्हणजे गच्ची गळू नये म्हणून वर घालायचा थर. विटांचे तुकडे आणि चुना पसरायचा, त्यावर गुळाचं आणि हिरड्याचं पाणी शिंपडायचं आणि लाकडी चोपण्यांनी चोपून चोपून घट्ट करायचा. हिरडा कुरखेड्याकडून पोत्यानं यायचा. वैशाखातल्या एका रविवारी अख्खं गाव वाचनालयाच्या गच्चीवर चढायचं. बाया रांगेनं उकिडव्या बसून गाणी म्हणत चोपायच्या. आम्ही पोरी घमेली वाहायचो. दुपारी भात-वरण. दरवर्षी, न चुकता. या सगळ्याचा म्होरक्या हमीद मिस्त्री.

हमीद मिस्त्री म्हणजे हमीदचाचा. तरुण असताना या इमारतीचा स्लॅब त्यांनीच टाकला होता. त्यानंतर त्यांनी गावात कितीतरी घरं बांधली, पण जीव अडकला तो इथंच. दर वैशाखात एक पै न घेता ते कोबा घालून द्यायचे. इमारत पाडणार म्हणून कानावर आलं, तसे ते माझ्या ऑफिसात आले. टोपी काढून टेबलावर ठेवली.

‘बेटी, हे पाडू नको देऊ. माझं दुसरं काही राहत नाई मंग या गावात.’

आता गणित. चंद्रपुरात भिंतीला तडा गेला की सगळ्यांचं बोट एकाच दिशेला जातं : खाण. ब्लास्टिंगचे हादरे. मीही तेच धरून चालले होते. तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. ही जुनी, साधी युक्ती आहे. तडा वाढला की काच फुटते, तडा झोपलेला असला की काच शाबूत राहते. आठवड्याच्या आत मधल्या दोन काचा फुटल्या. म्हणजे तडा जिवंत होता.

‘बघा,’ वकील म्हणाले. ‘आता काऊन थांबून राह्यल्या?’

‘वकीलसाहेब, हादऱ्यानं तडे गेले असते तर आधी भिंतीत गेले असते, तिरपे. भिंती धडधाकट आहेत. तडे फक्त स्लॅबच्या पोटात.’

‘मंग?’

‘मंग काय ते मलाच समजून नाई राह्यलं. दोन दिवस द्या.’

मी हॉलभर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरा ताणला. मधोमध स्लॅब चांगला खाली उतरलेला. आणि खिडक्या? निम्म्या लागतच नव्हत्या. सुतार दरवर्षी येऊन रंधा मारून जायचा. सगळे म्हणायचे, सागवान फुगलं. आता आलापल्लीचं जुनं, मुरलेलं सागवान असं दरवर्षी फुगत नसतं. पण हे डोक्यात यायला मला दोन दिवस लागले. खिडकी फुगली नव्हती. वरची तुळई वाकून तिच्या डोक्यावर बसली होती.

स्लॅब वाकतो तो कमजोर झाला म्हणून, नाहीतर वजन वाढलं म्हणून. सळई बघायला एका ठिकाणी पोट उकरलं. सळई नवीन असल्यासारखी. काँक्रीट टणक. चाचांनी काम चोख केलं होतं. मग वजन कुठलं?

चाचांना घेऊन गच्चीवर गेले. मी कित्येक वर्षांनी तिथं चढत होते. वर पाऊल ठेवलं आणि कठडा बघून हसूच आलं. लहानपणी याच कठड्यावर हनुवटी टेकून मी खालचा रस्ता बघायची. आता तो माझ्या गुडघ्याच्या जरा वर येत होता.

‘चाचा, मी किती उंच झाले बघा.’

चाचाही हसले. ‘हो ना. आपण घमेली टाकून इथीच उभे राहत होतो. मी कोपर टेकून बिडी ओढत होतो याच्यावर.’

ते कठड्याशी गेले आणि कोपर टेकायला वाकले. वाकावं लागलं त्यांना. कमरेत पार दुमडून.

माझं हसू तिथंच थांबलं. मी उंच झाले हे खरं. पण चाचा काही त्या वर्षांत उंच झाले नव्हते.

‘चाचा, दरवर्षी कोबा घालताना आधीचा काढत होतो का आपण?’

‘काढायचा काऊन? चांगला घट्ट कोबा कोण काढते? त्याच्यावरच घालत होतो. एक थेंब गळत नाई माझ्या कोब्यातून.’

‘इथं एक भोक पाडा.’

‘भोक पाडलं तर गळंल बेटी.’

‘पाडा चाचा.’

त्यांनी छिन्नी लावली. ती आत गेली, आणखी आत गेली, मुठीपर्यंत गेली तरी स्लॅब लागेना. थरावर थर. एक पांढरट, एक लालसर, एकात बांगड्यांचे तुकडे, चोपताना बायांच्या फुटलेल्या. मधोमध तर उतार काढण्यासाठी आणखीच जाड. मी तिथंच बसून कागदावर वजन काढलं. छपराच्या स्वतःच्या वजनापेक्षा कोब्याचं वजन जास्त भरत होतं. इमारत म्हातारी झाली नव्हती, खाण तिला हलवत नव्हती. गावानं तिला कोबा घालघालून वाकवली होती, आणि चाचा शेजारी नसते तर मी तिथंच रडले असते.

चाचांना सांगणं भाग होतं. सांगितलं. आढेवेढे न घेता, सरळ.

त्यांनी वाकून भोकातल्या थरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, ‘म्हणजे मी हिले पावसापासून वाचवतो म्हणत होतो, अन् मीच दाबून राह्यलो होतो.’

‘चाचा, स्लॅब तुम्ही असा टाकला म्हणून तर एवढं पेलला. दुसऱ्याचा असता तर कधीच बसला असता.’

हे मी समजूत काढायला म्हटलं नव्हतं, ते खरं होतं. पण त्यांनी छिन्नी पिशवीत टाकली आणि मागं न बघता जिना उतरून गेले.

माझा रिपोर्ट एका पानाचा : इमारत पाडू नका, कोबा काढा. वकिलांनी कमिटी बोलावली. मला वाटलं, गाव खूश होईल. कसलं काय. पाडायला जेवढा विरोध नव्हता, तेवढा कोबा काढायला झाला.

‘आमच्या मायनं चोपला तो कोबा,’ एक जण म्हणाला.

‘काढला अन् पावसात गळलं तर? पुस्तकं कुठी नेता?’

वकिलांनी मला बाजूला घेतलं. ‘म्याडम, तुमचा हिशोब चुकला अन् काढता काढता स्लॅब खाली आला तर? तुमचंही नाव जाते, अन् खाली माणसं.’

‘खाली आधी बल्ल्या, म्हणजे लाकडी टेकू लावू. बल्ल्या लागल्याशिवाय कोणी वर चढणार नाही. आणि काम चालू असताना मी खाली हॉलमध्ये उभी राहीन.’

हे मी रागाच्या भरात बोलले. घरी गेल्यावर भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

तरी सभा काही हलेना. तेवढ्यात दारातून हमीदचाचा आले. चार दिवस ते कोणाला दिसले नव्हते. हातात तीच पिशवी. ते बसले नाहीत.

‘कोबा मी घातला. गावानं घातला, पण कुठी घालायचा, किती घालायचा, ते मीच सांगत होतो,’ ते म्हणाले. ‘म्हणून काढीन बी मीच. ज्याले वाईट वाटते त्यानं माझ्यासंगं वर या, अन् आपल्या मायचा थर आपल्या हातानं उचलून खाली आणा.’

वकिलांनी ठराव लिहून घेतला.

काम सोपं नव्हतं. घण चालणार नव्हता, हादऱ्यानं स्लॅबच गेला असता. छिन्नी आणि लहान हातोडा. मधून सुरुवात, आणि निघालेला माल लगेच खाली, कडेला ढीग करायचा नाही. माणसं आली. ज्यांनी सभेत आवाज चढवला होता ते सगळ्यात आधी आले. पूर्वी घमेली वर जायची, आता खाली येऊ लागली. जुन्या बाया येऊन फाटकाशी उभ्या राहायच्या. आत्याही एकदा आली. ढिगातला एक तुकडा उचलून, पदरानं पुसून घरी घेऊन गेली. का, ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

मी खाली हॉलमध्ये, दोऱ्याशी. शब्द दिला होता ना. पहिले काही दिवस काहीच हललं नाही आणि मला घाम फुटायचा, तो उन्हाचा नव्हता. मग एका दुपारी दोरा आणि स्लॅब यांच्यातलं अंतर किंचित बदललेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी आणखी. स्लॅब वर येत होता. पाठीवरचं पोतं काढल्यावर हमाल हळूहळू सरळ होतो, तसा. सगळा सरळ झाला नाही. थोडा बाक राहिला तो राहिलाच, मी रिपोर्टात तसं लिहिलंही. पण तडे मिटत आले. नव्यानं लावलेल्या काचा शाबूत राहिल्या.

शेवटचा थर निघाला त्या दिवशी चाचा खाली आले. अंगभर चुना. मला वाटलं, पाणी मागतील. ते सरळ पहिल्या खिडकीशी गेले, जी कितीतरी वर्षं लागत नव्हती. तळवा ठेवून ढकलली. खिडकी लागली. तोच आवाज, सागवानावर सागवान. मग दुसरी, मग तिसरी. पूर्ण गोल फिरून ते सगळ्या खिडक्या लावत आले, आणि शेवटच्या खिडकीशी तोंड भिंतीकडे करून उभे राहिले. कोत्तावार वकील चष्मा पुसत बाहेर गेले. मी मात्र तिथंच मोझॅकवर बसून रडले. इंजिनियरनं साइटवर रडू नये म्हणतात. त्या दिवशी मला कोणी इंजिनियर साहेब कुठे आहेत म्हणून विचारलं नाही.

नंतर वर एकच पातळ थर घातला आणि पांढरा चुना मारला. पावसाळ्यात दोन ठिकाणी गळलं, तिथं बादल्या ठेवल्या. जाड कोबा गेल्यानं पुढच्या उन्हाळ्यात हॉल असा तापला की वाचायला येणारी पोरं मला नाव घेऊन शिव्या घालायची. पण येऊन बसायची. कोब्याचा रविवारही बंद झाला नाही, फक्त आता लोक कोब्याऐवजी चुना मारतात. चाचांनी कठड्याच्या आतून एक लाल रेघ ओढून घेतली : याच्या वर काही नाही. ते असेपर्यंत दर वैशाखात रेघेवर नवा रंग तेच द्यायचे, आणि मग कठड्याशी जाऊन कोपर टेकून बघायचे.

त्यानंतर मी बऱ्याच जुन्या इमारती बघितल्या. काही वाचल्या, बऱ्याचशा गेल्या. तडे मी आता सावकाश बघते. आधी गच्चीवर जाते आणि कठडा माझ्या कुठपर्यंत येतो ते बघते.