अकरा अंडी आणि एक शेपटी

हा कागद जरा जवळ धर आणि शेवटपर्यंत वाच. फोनवर मी "आपल्याकडं सापाची पिल्लं निघाली गं" एवढंच म्हटलं, तर किंचाळलीस काय, फोन ठेवलास काय! मावशी बोलतेय, निदान पुरतं ऐकून तरी घ्यावं. साप काय मंचरपर्यंत तुझं घर शोधत येणार होते? तू ऐकत नाहीस म्हणून लिहायला बसले.

झालं असं, की जूनच्या अखेरीला टोमॅटोच्या रानात टाकायला शेणखत काढत होतो. ट्रॅक्टर उभा, उकिरडा निम्मा उकरलेला. मी कडेनं फावड्यानं खत सैल करत होते, तेवढ्यात खालून काहीतरी सळकन सरकलं आणि दगडी बांधात शिरलं. मला दिसली फक्त शेपटी. हातभर, पिवळसर, वर काळ्या रेघा. आणि ती सरकली तिथं उबदार खतात अकरा अंडी. पांढरी, लांबट, हाताला कातड्यासारखी मऊ.

सून चार महिन्यांच्या बाळाला घेऊन ओट्यावर उभी होती. ती म्हणाली, "आई, नागाची असतील ती."

"नागाची कशाला? धामणीची आहेत. मी आख्खी बघितली की, डोक्यापासून शेपटीपर्यंत."

माझी जीभ तुला माहीतच आहे, ती माझ्या पुढं चालते. पण शेपटीवरून मला खात्री होती. धामण म्हणजे बिनविषारी, उंदरांचा काळ. आमच्या कांदे साठवायच्या बराखीत उंदरांनी नुसता धुडगूस घातलेला. उकिरडा तर फुटला होता, अंडी तिथंच ठेवली असती तर दुपारपर्यंत उन्हानं गेली असती, नाहीतर कावळ्यांनी खाल्ली असती.

सुनेनं थोडा विचार केला. "ठेवा. पण एकानं जरी फणा काढला ना, तर मी बाळाला घेऊन आळ्याला माहेरी जाईन. मग तुम्हीच या आणायला."

झालं. माझा शब्द त्या अकरा अंड्यांत जाऊन बसला.

जुन्नरला मोटारी वाइंडिंग करणारा एक जण आहे, विहिरींच्या जळक्या मोटारींत तार भरून देतो आणि कुठं साप निघाला की धरायला जातो. वीस वर्षं हेच करतोय. त्याला बोलावलं. तो येईपर्यंत मी अंडी टोपलीत ठेवली आणि बसल्या बसल्या चार फिरवली. अगं, सवय! अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी दिवसातून किती वेळा अंडी फिरवते. ती कंटाळली तर माझ्या हातानं मी फिरवत आले. चाळीस वर्षं पिल्लं काढलीत मी.

तो आला, टोपली बघितली आणि डोक्याला हात लावला. "मावशी, फिरवली न्हाई ना?"

"चारच."

"ही काय कोंबडीची हायेत का? सापाचं अंडं जसं घातलं तसंच राहू द्यायचं. वरची बाजू वर. फिरवलं की आतलं पिल्लू दबतं."

मग त्यानं वनखात्याला फोन करून सगळं सांगितलं, थर्माकोलच्या खोक्यात रोपवाटिकेतलं कोकोपीट, तो नारळाच्या काथ्याचा भुसा, ओलं करून पसरलं. मुठीत दाबलं तर पाणी गळायला नको, एवढंच ओलं. वरची बाजू ओळखू यावी म्हणून पेन्सिल मागितली. घरात पेन्सिल कुठली? मी प्रत्येक अंड्याला कुंकवाचं बोट लावलं.

"आता आरतीपण करा," सून म्हणाली.

खोकं कोंबड्यांच्या खुराड्याशेजारच्या चाऱ्याच्या खोलीत ठेवलं आणि दाराला कडी. दोन महिने मी रोज सकाळी झाकण उघडून बघायची आणि हात पाठीमागं बांधायची. बोटं शिवशिवायची गं!

ऑगस्ट संपता संपता एका अंड्याला ब्लेडनं कापल्यासारखी चीर दिसली. त्यातून करंगळीच्या टोकाएवढं तोंड. मी वाकले की आत, मागं सरले की बाहेर. कोंबडीचं पिल्लू अडकलं तर मी कवच सोलते, इथं ते करायचं नाही. असं दीड दिवस चाललं. मग आलं बाहेर. शिसपेन्सिलीएवढं जाड, हातभर लांब, करड्या रंगाचं, पट्ट्यापट्ट्यांचं. आईसारखं काहीच नाही.

सून दारातून बघत होती. मी झाकण थोडं सरकवलं, तर पिल्लानं मान उचलली आणि गळा टम्म फुगवला.

"फणा!" सून ओरडली. "बघा, आई, फणा काढला!"

खरं सांगू? मलाही फणाच वाटला. हातभर शेपटी आणि एवढं मोठं बोलणं. मी झाकण लावलं, कडी घातली, फोन केला. तो पिंपळवंडीला विहिरीत उतरलेला, म्हणाला दुपारी येतो. तोवर सुनेनं पिशवी भरली. बाळाची दुपटी, टोपडी, ग्राइप वॉटर. मी भाजी निवडत बसले आणि निवडलेलीच परत निवडली.

तो आला आणि सुनेला म्हणाला, "ताई, या हिकडं. लांबूनच बघा. नागाचा फणा आडवा पसरतो, सुपासारखा चपटा. ह्यो गळा खाली फुगवतोय, उभा. भ्यालंय म्हणून आव आणतंय. धामणच हाये."

सून बराच वेळ बघत राहिली. "एवढंसं तर आहे, आणि मलाच घाबरवतंय होय?" म्हणाली, आणि पिशवी उचलून आत गेली.

पुढच्या तीन दिवसांत, पहिलं धरून, नऊ निघाली. दोन अंडी वाया गेली, दोन्ही माझ्या हातची. फिरवलेल्यातलीही दोन निघाली, तेवढंच समाधान. झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या डब्यात पिल्लं, ओली फडकी आणि पाण्याची उथळ ताटली, बस. मी विचारलं, "खायला काय देऊ? थोडं दूध?"

"मावशी, दुधानं मरतील. पोटात बलक घेऊनच आलीत. पहिली कात टाकेपर्यंत काय बी खात न्हाईत."

माझ्या घरातून उपाशी कोणी गेलेलं नाही. आठ दिवस मी फक्त पाणी बदललं आणि फडकी ओली ठेवली. खरं तर तिसऱ्या दिवसापासून फडकी सूनच ओली करायला लागली. म्हणायची, तुम्ही पाणी जास्त घालता. मग पिल्लांचे डोळे दुधाळ झाले, एकेकानं नाकापासून कात सोलली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. एकाची शेपटीपाशी अडकली, तर सुनेनंच सांगितलं, "ओढू नका, आई. फडकं आणखी ओलं करते." दुसऱ्या दिवशी निघाली.

वनखात्याचा माणूस आला आणि सगळ्यांनी मिळून पिल्लं ओढ्याकाठच्या झुडपांत लांब लांब सोडली. एकानंही मागं वळून बघितलं नाही. तिथून घरी येताना मी सुनेला सांगून टाकलं, "आख्खी नव्हती बघितली गं. शेपटीच बघितली होती."

ती वाटेतच थांबली. दोन दिवस माझ्याशी सरळ बोलली नाही, बाळाला म्हणायची, "आजीला सांग, चहा ठेवलाय." बाळ काय सांगणार? तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, पावसाचा रंग दिसतोय. तर म्हणाली, "आख्खा दिसतोय, की शेपटी?" आणि हसली. आता उठता बसता तेच ऐकते मी. ऐकायलाच पाहिजे.

कात वहीत जपून ठेवल्यात. तुझ्या पोराला दाखवीन म्हणते, हातात घेतली तर कागदापेक्षा हलकी लागते. डबा रिकामा आहे, खोलीत आता चारा भरलाय. भुईमुगाच्या ओल्या शेंगा काढायला आल्यात, सून उकडून घालते. शनिवारी शाळा सुटली की पोराला घेऊन निघ, आणि दोन दिवस राहायचं म्हणूनच ये.