न फिटलेले सुतक

डोंबिवली सोडली त्या सकाळी देवांचा संपुष्ट मांडीवर घेऊन मी टेम्पोत पुढे बसलो होतो. शेजारी इंदिरा, आणि मागे दोन ट्रंका, पोथ्यांची पेटी व भांडी. इमारतीतल्या खिडक्या बंद होत्या. चौदा-पंधरा वर्षे ज्यांच्या घरी गणपती बसवले, त्यांच्यापैकी कोणीही खाली आले नाही. शीळफाट्यापाशी टेम्पो जोरात आपटला आणि मी मांडीवरचे ओझे दोन्ही हातांनी आवळून धरले. चालकाने विचारले, "काय आहे काका त्यात?"

"देव आहेत."

"मग आधी बोलायचं ना! एवढा वेळ देवालाच खड्ड्यातून नेतोय मी."

इंदिरा हसली. कितीतरी महिन्यांनी तिला हसताना पाहिले. मग ठाण्यापर्यंत त्या गृहस्थाने टेम्पो इतका सावकाश हाकला की मागचे ट्रकवाले त्याला शिव्या देत पुढे जात होते.

हे मी लिहितो आहे ते गावात राहिलेल्या माझ्या माणसांसाठी, आणि माझ्यासारखेच गाव सोडून इकडे येऊन वसलेल्यांसाठी. मी डोंबिवली का सोडली, असे तुमच्यापैकी कोणीही मला विचारले नाही. विचारण्याची गरज तुम्हाला वाटली नाही, कारण ते तुम्हाला आधीच कोणीतरी सांगितले होते. आता माझ्या तोंडून ऐका.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी मी गावाहून निघालो, तेव्हा तुम्ही सगळे एसटीपर्यंत आला होतात. वडिलांनी माझ्या उपरण्याच्या टोकाला देवापुढची सुपारी बांधली आणि म्हणाले, "आपले सोवळे आपण सांभाळावे. दुसऱ्याने आठवण करून देईपर्यंत थांबू नये." मला डोंबिवलीला बोलावले होते ते दामोदरने. गावच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे तो बँकेत लागला आणि मी पाठशाळेत गेलो. स्थानकावर मला उतरवून घेताना तो म्हणाला होता, "विष्णू, इथे गुरुजी मिळतात रे, पण सगळे घाईतले. कथा कुठवर आली ते यजमानाला कळत नाही, एकदम आरतीची घंटाच वाजते. तू सावकाश सांग. लोक तुला सोडायचे नाहीत."

खरोखरच लोकांनी मला सोडले नाही. दामोदरच्या मेहुण्याची दोन खोल्यांची जागा भाड्याने मिळाली. सकाळी पूजा, दुपारी याज्ञिकी, संध्याकाळी मुलांना स्तोत्रपाठ असे दिवस जाऊ लागले. त्या मुलांमध्ये दामोदरची मुलगी सुनंदा होती. आम्हाला मूल नव्हते, आणि तिने पहिले स्तोत्र माझ्यापुढे बसून पाठ केले. दामोदर चारचौघांत सांगत असे, "हिचं लग्न विष्णूच लावणार. दुसरा गुरुजी आणला तर नाव बदलीन माझं." मला या नगरात दुसरी कसलीच आकांक्षा नव्हती. सुनंदाच्या डोक्यावर अक्षता टाकाव्यात आणि मंगलाष्टके आपल्या आवाजात म्हणावीत, एवढीच होती.

नव्वदीच्या दशकात एका गणेशोत्सवात मंडळाने रक्तदानाचे शिबिर भरवले. दान या शब्दापाशी मी आयुष्यभर थांबत आलो आहे, म्हणून मीही आडवा झालो. काही दिवसांनी रक्तपेढीने बोलावणे धाडले. तिथल्या अधिकाऱ्याने दार लोटून घेतले आणि सांगितले की माझ्या रक्ताच्या एका चाचणीत शंका आली आहे; मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जाऊन नीट तपासून घ्यावे. शंका कसली, हे त्याने हलक्या आवाजात सांगितले. त्या काळी त्या आजाराचे नाव सगळेच हलक्या आवाजात घेत.

रुग्णालयातल्या डॉक्टर मध्यमवयीन होत्या. त्यांनी आधी प्रश्न विचारले. पूर्वी कधी रक्त चढवले होते का? सुया कुठे टोचून घेतल्या? पत्नीखेरीज अन्य कोणाशी संबंध आला होता का? मी मान खाली घातली.

"गुरुजी, हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते," त्या म्हणाल्या. "काल एका न्यायाधीशांना विचारला. तेही असेच जमिनीकडे बघत बसले होते. त्या फरशीवर उत्तर लिहिलेलं नाहीये, मला वर बघून सांगा."

मी वर पाहून सांगितले. मग त्यांनी मला तपासले. जिभेवर आणि टाळूवर पांढरा थर आहे का, हे बॅटरीच्या उजेडात पाहिले. मानेच्या, काखेच्या, जांघेच्या गाठी बोटांनी चाचपल्या. पाठीवर नागिणीचे व्रण शोधले. वजन उतरले का, ताप रेंगाळतो का, जुलाब होतात का, हे विचारले. क्षयासाठी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला. संध्येत न्यास करताना मी स्वतःच्या अवयवांना मंत्रांसह स्पर्श करतो. त्या बाईंचे हात तितक्याच अवधानाने फिरत होते, आणि त्यांत किळस नव्हती. देहात त्यांना काहीच आढळले नाही. "पण देह पुष्कळ वर्षं गप्प राहू शकतो," त्या म्हणाल्या. "म्हणून रक्ताला विचारायचं."

रक्ताला कसे विचारतात, हेही त्यांनी समजावून सांगितले. विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. चाचण्या ती शोधतात. पहिली एलायझा. एकही रोगी निसटू नये म्हणून ती फार संशयी ठेवलेली असते, त्यामुळे कधी निरोगी माणसालाही धरते. तिच्या एकट्या शब्दावर कोणाला रोगी म्हणायचे नाही. तिने धरले, तर वेस्टर्न ब्लॉट नावाची दुसरी चाचणी करायची. तिच्यात एका पट्टीवर रेषा उमटतात, आणि ठरावीक रेषा दिसल्या तरच रोग आहे असे म्हणायचे. माझ्या पट्टीवर एकच रेषा आली, तीही फिकट.

"म्हणजे आहे की नाही?" मी विचारले.

"म्हणजे आज सांगता येत नाही. संसर्ग अगदी नवा असेल तर बाकीच्या रेषा अजून उमटायच्या असतील. नसेल तर ही रेषा उगाचच आलेली असते. तीन महिन्यांनी परत या, मग सहा महिन्यांनी. तोवर रक्त देऊ नका आणि पती-पत्नी म्हणून काळजी घ्या. बाकी पूजा करा, जेवा, लोकांत मिसळा. हात लावल्यानं, पाण्यानं, भांड्यानं हा आजार पसरत नाही."

इंदिरेचे रक्तही तपासले. ते निर्दोष निघाले.

न्यायशास्त्र शिकताना संशयाचे एक उदाहरण देतात. तिन्हीसांजेला दूर काहीतरी उभे दिसते. तो वठलेला बुंधा आहे की माणूस, हे कळत नाही. जवळ जाईपर्यंत दोन्हींपैकी काहीच म्हणू नये. माझ्यापुरता मी हा नियम पाळला. परंतु दुसऱ्यांच्या मंगलकार्याचा विचार मनात आला, तेव्हा मला सुतकाची रीत आठवली. सुतक असलेला माणूस ते स्वतःच सांगतो, बाजूला बसतो, आणि मुदत सरली की स्नान करून पुन्हा पंक्तीला येतो. त्याला तेव्हा कोणी जाब विचारत नाही. बाजूला बसण्याची गरज नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेच होते. तरीही निर्णय होईपर्यंत कोणाच्या देवघरात शिरू नये, असे मी ठरवले. कारण खोटे सांगणे शक्य नव्हते. मी दामोदरला सगळे जसेच्या तसे सांगितले आणि तेवढ्या काळापुरती माझी कामे दुसऱ्या गुरुजींकडे सोपवण्याची विनंती केली.

त्याने माझा हात धरला. "वेडा आहेस का विष्णू? हे माझ्या पोटात राहील."

प्रथम मुलांचा स्तोत्रपाठ थांबला. कोणाची परीक्षा होती, कोणाला खोकला झाला होता. मग एका घरी मी केवळ भेटायला गेलो असता चहा कागदी पेल्यात आला, आणि बाकीच्यांना कपबशीत. इंदिरा नळावर गेली की बायका बादल्या मागे ओढत. एकीने तिला तोंडावर विचारले, "अहो, गुरुजी पूजेला म्हणून नक्की कुठं जायचे हो?" इंदिरेने उत्तर दिले, "तुमच्याच घरी जास्त यायचे." मग ती बादली भरून वर आली.

माझा भरवसा मुदतीवर होता. तीन महिन्यांनी रेषा तेवढीच फिकट होती. सहा महिन्यांनी ती पुसली गेली होती, आणि चाचणीच्या वेगवेगळ्या संचांवर केलेल्या एलायझाही स्वच्छ आल्या. डॉक्टर म्हणाल्या, "संसर्ग असता तर इतक्या दिवसांत बाकीच्या रेषा आल्याच असत्या. तुम्हाला एचआयव्ही नाही, गुरुजी. नव्हताच." बाहेर बाकावर कल्याणची एक तरुण मुलगी बसली होती, नवरा त्याच आजाराने गेल्यावर तीही तपासून घ्यायला आली होती. तिला मिळालेले उत्तर माझ्यासारखे नव्हते. मात्र पाण्याविषयी आणि भांड्यांविषयी डॉक्टरांनी तिच्या सासूला जे सांगितले, ते अक्षरशः मला सांगितलेलेच होते. माझ्या पट्टीवर सगळ्या रेषा उमटल्या असत्या, तरी त्या कागदी पेल्याला आधार मिळाला नसता. हे मी त्या बाकापाशी उभा असताना शिकलो.

त्या संध्याकाळी स्नान करून मी दामोदरकडे गेलो. अहवाल त्याने दोनदा वाचला, डोळे पुसले, साखर दिली. "सुटलास रे विष्णू!" असे म्हणाला. सुनंदाचे लग्न ठरले होते. मुहूर्त विचारला तेव्हा तो अडखळला.

"मला काही नाही रे. पण मुलाकडचे लोक जुन्या वळणाचे. त्यांच्या कानावर गेलंय. आता मुलीच्या लग्नात मी वाद कुठे घालू? तू ये. पहिल्या रांगेत बस."

मी त्याचे म्हणणे मानले. व्याह्यांपुढे मुलीच्या बापाचे काही चालत नाही, हे मला ठाऊक होते. पुढच्याच आठवड्यात त्याच्या मेहुण्याने, मुलाला जागा हवी असल्याचे सांगून, खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. तेही मी मानले. अशा रीतीने आम्ही ठाण्याच्या कोपरीला आलो.

कोपरीला सुनंदा एकटीच आली, लग्नाची अक्षत घेऊन. इंदिरेने तिला पोटाशी धरले. चहा झाला, साड्यांचे बोलणे झाले, आणि ती अचानक रडू लागली.

"काका, तिकडच्यांना काहीसुद्धा माहीत नव्हतं. त्यांनी सहज विचारलेलं, तुमचे गुरुजी कोण म्हणून. तर बाबांनीच सांगितलं, आमच्या गुरुजींना तो आजार झालाय, म्हणून आम्ही दुसरे बघितलेत."

"हे केव्हा झाले?"

"तुम्ही रिपोर्ट दाखवायला आलेलात ना, त्याच्यानंतर. आम्ही किती काळजी घेतो ते त्यांना दाखवायचं होतं बाबांना." मग ती खाली बघून म्हणाली, "मी तिथेच बसलेले, काका. मी पण गप्प बसले. माझं लग्न मोडलं असतं तर?"

तिच्यावर माझा राग नाही. ती खरे सांगायला आली, आणि माझ्या पाया पडून गेली. परंतु दामोदरच्या हातात माझ्या निर्दोषतेचा कागद होता, आणि तरीही त्याने मला रोगी म्हटले. भीतीने बोललेले मी समजून घेतले असते. हे त्याने प्रतिष्ठेसाठी सांगितले. जो संशय शास्त्राने फेडला, तो मित्राने जपून ठेवला. सुनंदाच्या लग्नाला मी गेलो नाही.

एवढ्यावर संपते, असे मला वाटले होते. मग भाऊ, गावच्या घरून तू इथल्या शेजाऱ्यांच्या फोनवर बोललास. वडिलांच्या श्राद्धाला तू आम्हाला बोलावत होतास. किती मायेने बोलत होतास! "मागची खोली तुम्हा दोघांसाठी रिकामी केली आहे. भांडी वेगळी काढून ठेवली आहेत. दामोदर जत्रेला आला होता, त्यानेच सांगितले काय काय करावे ते. तू मनात संकोच धरू नकोस."

शेजारी उभ्या इंदिरेला मी तुझे शब्द सांगितले. वडिलांच्या घरात, वडिलांच्या श्राद्धाला, मला वेगळी भांडी! तेव्हा इंदिरेने माझ्या हातून फोन घेतला. इतक्या वर्षांत ती तुझ्याशी पदर सावरल्यावाचून बोललेली नाही.

"भावोजी, ह्यांना काही झालेलं नाही. झालं असतं तरी भांड्यानं ते पसरत नाही. पण वेगळी भांडी काढलीच आहेत, तर ताट एकच ठेवा. आम्ही दोघं एका ताटात जेवतो."

तिकडून फोन बंद झाला.

भाऊ, ते खरे नव्हते. लग्नातला पहिला घास सोडला, तर आम्ही कधी एका ताटात जेवलो नव्हतो. ती नेहमी माझ्यामागून जेवत असे. श्राद्ध मी इथेच, खाडीकाठी केले. घरी परतलो तेव्हा तिने दोन पाट समोरासमोर मांडले होते, आणि मध्ये एकच ताट. मी थबकलो.

"बसा," ती म्हणाली. "आता फोनवर सांगून बसले आहे. खोटं पडायला नको."

तेव्हापासून आम्ही तसेच जेवतो. गावाकडून निघताना मी ज्याला घर म्हणत होतो, ते तुमच्यापाशी राहिले. माझे घर आता कोपरीला आहे. तू ये, भाऊ. तुला वेगळे ताट वाढू, पण ते केवळ पाहुण्याचा मान म्हणून.