दीड फेऱ्याची गाडी

गाडी चालवता चालवता मिस्त्री डाव्या हाताचं एक बोट वर करायचा आणि म्हणायचा, "चूप बसा, बाबू. स्टेरिंग बोलून राह्यलं."

मंडळी, हे मला! ज्याची जीभ फक्त घास गिळण्यापुरती विसावते, त्या मला! मी अकोल्याकडच्या मालेगावच्या एका कापूस जिनिंगचा कारकून आणि तो आमच्या मालकांचा ड्रायव्हर. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून मालकांनी शर्यतीची मोटार घेतली होती. उघडी, हिरवी, जेमतेम दोन माणसांची. कागदांची पिशवी मांडीवर घेऊन मी मिस्त्रीशेजारी बसे आणि गप्प राही. माझ्या बायकोला हे अजून खरं वाटत नाही.

जिनिंगच्या लॉरीचं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकाला न्यायला चार फेरे लागत. या गाडीला दीड. मनगट जरा वळलं की गाडी वळलीच. पण स्टिअरिंग जड इतकं, की शिरपूर येईपर्यंत त्याचे दंड भरून येत.

"असं का?" मी एकदा विचारलं.

"कासरा आखूड धरला का बैल लगेच वळते, पण हात दुखते. लांब सोडला का हाताले आराम. पण मंग बैलाच्या मनातलं हातात येत नाही."

याच्या हातात सगळं येई. मुरूम, वाळू, गाड्यांच्या चाकोऱ्या. एकदा तर चालत्या गाडीत त्याने डोळेच मिटले. मी कुलदैवतापासून वेशीवरच्या मारुतीपर्यंत सगळ्यांना हाका मारल्या.

"आता खडी... आता फुफाटा... डोळे उघडू का?"

"उघड रे बाबा!"

शिरपूरच्या अलीकडे नाला आहे. तिथे मी असाच रंगात येऊन गोष्ट सांगत होतो. बोट वर गेलं, गाडी थांबली.

"हलकं झालं," तो म्हणाला. "हलकं झालं का समजा, पुढच्या चाकांनी रस्ता सोडला."

उतरून पाहतो तो काय, वरच्या वाळक्या पोपड्याखाली लोण्यासारखा चिखल, आणि दहा पावलांवर काठ खचलेला! मी परत येऊन बसलो. तो मात्र स्टिअरिंगवरून हात फिरवत होता.

"बायको गेल्यापासून घरी कोणी बोलत नाही, बाबू. इथं तरी बोलते."

पुढे मालकांना स्वतः गाडी चालवायची हौस आली. पण त्या जड स्टिअरिंगने खांदा दुखे. मग अकोल्याच्या कारागिराकडून स्टिअरिंगची लॉरीसारखी, चार फेऱ्यांची पेटी बसवायचं ठरलं. मिस्त्री हात जोडून उभा राहिला.

"मालक, खांदा दुखते त मी चालवतो ना. पेटी नका बदलू."

"अरे, गाडी माझी. मला एकदा तरी चालवू दे की!"



पेटी बदलली. मिस्त्री गावाबाहेर एक फेरी मारून आला, पण उतरला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला.

"स्टिअरिंग काय म्हणतं?" मी विचारलं.

"काहीच नाही."

त्याला बरं वाटावं म्हणून मी शेजारी बसून एक गोष्ट काढली. त्याने बोट वर केलं नाही. सगळी सांगू दिली. इतकी वाईट गोष्ट मी जन्मात सांगितली नव्हती.

आठ दिवसांत त्याने नोकरी सोडली. वर्षभराने शिरपूरच्या रस्त्यावर दिसला, देवळाला निघालेल्या यात्रेकरूंची दमणी, हलकी बैलगाडी, हाकताना. कासरा मुठीपर्यंत आखडून धरलेला.

"काय मिस्त्री, बैल बोलते का?" मी मुद्दाम त्याच्या बोलीत डिवचलं.

तो हसला. "बोलते ना. पण आपापलंच सांगते. रस्त्याचं नाही सांगत."

पुढच्या खेपेला त्या दमणीवर दुसराच माणूस होता. "थो? गेला कुठी त," एवढंच त्याला माहीत.

आता गाडी मालक चालवतात. मी पोटभर बोलतो, कोणी अडवत नाही. पण नाला जवळ आला की माझी गोष्ट अर्ध्यावरच थांबते.

"काय झालं, बाबू? पुढं सांगा की," मालक म्हणतात. आणि एका बोटाने गाडी वळवतात.