पावणेदोन

शिंपीणकाकी कापडाला कात्री लावण्याआधी ते तोंडाने कापायची. साडेपाचातून पावणेतीन गेले, उरले पावणेतीन, असं पुटपुटायची आणि मगच कात्री उचलायची. देवबागेत तिचा हिशेब कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मी घाटावरून तिथल्या शाळेत बाई म्हणून गेले आणि तिच्या पडवीलगतच्या खोलीत राहिले. सव्वाचार वारांतून पावणेदोन वार काही केल्या माझ्या मुलांना वजा करता येईनात. काकीने कापड मोजायचा गज पुढे केला. "पावातसून पाऊण जाणा नाय, बाई. अख्खो एक मोडूक व्हयो." मोडलेल्या एकाचे चार पाव, जवळचा एक, त्यांतून तीन गेले, उरले अडीच वार. दुसऱ्या दिवशी वर्गात हेच सांगून मी हेडमास्तरांची शाबासकी मिळवली. काकीचं नाव मात्र घेतलं नाही.

ती एकटीच असे. मुलगा मुंबईला गिरणीत. सून आणि नातू तिने अजून पाहिलेच नव्हते. मुलाची पत्रं मीच वाचून दाखवायची. एका चतुर्थीआधी भिजलेलं कार्ड आलं. 'शेजारच्या तातूबरोबर पावणे दोन' एवढंच लागत होतं, पुढची शाई पसरली होती. मी मध्ये श्वास घेऊन वाचलं, "पावणे, दोन." तिकडे पाहुण्यांना पावणे म्हणतात. म्हणजे सून आणि नातू येणार, असं आम्ही दोघींनी ठरवूनच टाकलं.

काकीने अंदाजाने नातवासाठी सदरा शिवला. चतुर्थीला तीन पानं मांडली. होडीतून तातू एकटाच उतरला, हातात पुडकं घेऊन. आत फुलाफुलांचं कापड होतं. काकीने ते गजावर दोनदा मोजलं.

"पावणेदोन वार आसत," ती म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी निघाले, तर तिने हात धरला. "बस गो बाय, एक पान तरी रिकामा ऱ्हवाक नको." तोवर ती मला बाई म्हणायची; तिकडे बाय लेकीला म्हणतात. मी जेवले.

पुढे वार गेले, मीटर आले, माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा तिची पेटी उघडी होती आणि मुलाने धाडलेलं ते कापड तसंच घडीत होतं. इतक्या वर्षांत चोळी का नाही शिवली, मी विचारलं. हिशेबात कधी न चुकणारी काकी त्या पावणेदोन वारांवरून हात फिरवत म्हणाली, "ह्या एकच अख्खा आसा, बाय. मोडूक हात वळणा नाय."